गाडीवरून डॉक्टर ओळखण्याची पाळी

डॉक्टरांच्या गाड्यांविषयी मराठी मध्यमवर्गात दोन मते चालतात. पहिले असे की डॉक्टरची गाडी जितकी मोठी, तितकी त्याने पेशंटची पिळवणूक केलेली. दुसरे याच्या उलट: ऐन तारुण्य अभ्यासात घालवले, रात्री-अपरात्री उठून धावला, आता एखादी चांगली गाडी घेतली तर बिघडले कुठे? पहिले मत बिलाच्या काउंटरसमोर सुचते, दुसरे डॉक्टरांच्या नातेवाइकांत. ही मते एकमेकांशी भांडतात, पण त्यांचा पाया एकच आहे. गाडी ही डॉक्टरच्या स्वभावाची खूण आहे, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला तिच्यात हाव दिसते, दुसऱ्याला कष्टाचे फळ.

हा पायाच कच्चा आहे. डॉक्टरची गाडी डॉक्टरच्या स्वभावाबद्दल फार थोडे सांगते आणि आपल्या वैद्यकीय व्यवस्थेबद्दल पुष्कळ. डॉक्टरांचे काम किती गावांत विखुरले आहे, त्यांच्या शिक्षणाचा पैसा कोणी भरला, आणि रुग्णाच्या हाती डॉक्टर पारखण्याची साधने किती तुटपुंजी आहेत, या तीन गोष्टींचा हिशेब त्या गाडीत असतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रुग्णाला वाचायला दुसरे काही दिलेलेच नाही, म्हणून तो गाडी वाचतो. त्यामुळे गाडीवर चिडणे किंवा गाडीचे समर्थन करणे या दोन्हींतून काही साधत नाही. हे म्हणणे आता टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. गाडी हे आधी अवजार आहे

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मोटार घेणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकांत डॉक्टर होते. कारण साधे होते. रोगी घरी असे आणि डॉक्टरला त्याच्याकडे जावे लागे. घोड्याला रात्री उठवून जुंपण्यापेक्षा मोटार सोयीची पडे. आज रोगी दवाखान्यात येतो, मग डॉक्टरचा प्रवास संपायला हवा होता. महाराष्ट्रात तो उलट वाढला. आपल्याकडचे बरेचसे खासगी उपचार दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होममधून होतात, आणि एवढ्या लहान जागेला पूर्णवेळ भूलतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ किंवा बालशल्यचिकित्सक परवडत नाही. म्हणून रुग्णालय जागेवर राहते आणि तज्ज्ञ फिरतो.

हे फिरणे ध्यानात घेतले की गाड्यांची निवड समजू लागते. शहरातला स्वतंत्र भूलतज्ज्ञ सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझेरियनला, दुपारी दुसरीकडे हाडाच्या ऑपरेशनला आणि संध्याकाळी तिसरीकडे असतो. त्याच्या डिकीत बॅग असते: लॅरिंगोस्कोप, नळ्या, औषधांचा डबा, पुष्कळदा स्वतःचा मॉनिटरही. त्याला अरुंद गल्लीत शिरणारी, कुठेही लावता येणारी, क्लचचा त्रास नसलेली लहान ऑटोमॅटिक गाडी हवी असते. नाशिकहून मालेगाव-सटाण्याला किंवा सोलापूरहून बार्शी-पंढरपूरला ठरल्या वारी व्हिजिटला जाणारा तज्ज्ञ मागच्या सीटवर झोपतो, रिपोर्ट वाचतो, फोन घेतो. त्याला ड्रायव्हर आणि इनोव्हासारखी गाडी लागते. पेठेतल्या फॅमिली डॉक्टरचे घर आणि दवाखाना यांत दोन-तीन किलोमीटरचे अंतर. त्याला वॅगन आर पुरते, आणि बदलायची वेळ आली तरी तो पुन्हा तसलीच गाडी पाहतो. प्रसूतितज्ज्ञाची पहिली अट सरळ असते: रात्री अडीच वाजता किल्ली फिरवली की गाडी सुरू झाली पाहिजे. पाण्याने भरलेल्या रस्त्यातून ती जाईल का, हा पावसाळ्यातला पुढचा प्रश्न.

स्त्री डॉक्टरांच्या बाबतीत या यादीत आणखी एक अट येते. रात्रीच्या कॉलला एकटीने जायचे असेल तर गाडी हेच संरक्षण असते, कारण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर तिची जबाबदारी कोणी घेत नाही. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये कामावरच्या डॉक्टर तरुणीचा खून झाला, त्यानंतर तर फाटकाच्या आत तरी ती कोणी घेते का, असा प्रश्न उभा राहिला. दणकट बांधणी, आतून आपोआप लागणारी दारे, चांगले दिवे यांना ऐषाराम म्हणणाऱ्याने मध्यरात्रीनंतर एकदा बायपासवरून एकट्याने जाऊन पाहावे.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा की गाडीचा मोठा भाग कामाने ठरवलेला असतो. पण सगळा नाही. इनोव्हा कामाने समजते, मर्सिडीज समजत नाही. अवजाराच्या पलीकडे जो भाग उरतो, त्याकडे आता वळू.

२. दिसणारा हप्ता, न दिसणारा हप्ता

वीस लाखांची गाडी पूर्ण कर्जावर, नऊ टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण साडेएकेचाळीस हजार रुपये पडतो. हे आकडे दिसतात. गाडी रस्त्यावर उभी असते, तिची किंमत शाळकरी पोरालाही पाठ असते आणि हप्त्याचा अंदाज कोणीही बांधतो. आता दुसरा हिशेब करू. महाराष्ट्रातल्या काही अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसची वर्षाची फी वीस लाखांच्या वर आहे. वीसच धरली तरी साडेचार वर्षांचे नव्वद लाख होतात. ही रक्कम नऊ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायची झाली तर महिन्याचा हप्ता एक लाख चौदा हजारांच्या घरात जातो. हे फक्त एमबीबीएसचे झाले. पुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षे, कोणाची सुपरस्पेशालिटीची आणखी तीन वर्षे, मध्ये प्रवेशपरीक्षेच्या तयारीत गेलेले वर्ष, शिवाय बंधपत्राची सेवा. आपल्या मिळकतीतून पहिली गाडी घेणारा तज्ज्ञ तिशी ओलांडलेला असतो. त्याच्या वर्गातला इंजिनियर तोवर दुसरी गाडी विकून तिसरी पाहत असतो.

या दोन हप्त्यांपैकी समाज पहिल्यावर चिडतो, कारण तो दिसतो. दुसरा जवळजवळ पावणेतीन पट मोठा आहे, पण त्याला नंबरप्लेट नाही. उपचारांच्या निर्णयावर दडपण आणणारा खर्च शोधायचा असेल तर गाडी त्या यादीत बरीच खाली येते. तिच्या वर शिक्षणाचा खर्च, रुग्णालयाची जागा, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनचे यंत्र आणि त्या यंत्राला रोज लागणारे ठरावीक पेशंट येतात. यंत्राचा हप्ता भरण्यासाठी तपासणी लिहिली गेली तर ते रुग्णाला कळत नाही. गाडी मात्र त्याला बाहेर पडताना समोरच दिसते. म्हणून जो राग यंत्रावर आणि फीवर जायला हवा, तो गाडीवर निघतो.

इथे एक सावधगिरी हवी. सरकारी महाविद्यालयात नाममात्र फीमध्ये शिकलेल्या डॉक्टरला हा युक्तिवाद लागू होत नाही. तिथे खर्च जनतेने उचललेला असतो. म्हणजे पार्किंगमध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या पांढऱ्या एसयूव्हींमागे पूर्ण वेगळे इतिहास असू शकतात. एकीचा मालक कर्जात बुडालेला, दुसरीचा समाजाच्या ऋणात. गाडी हा फरक दाखवत नाही. गाडी पाहून माणसाचा निवाडा करू नये, याचे हे पहिले कारण.

कराचा भागही इथेच नमूद करावा. जो डॉक्टर हिशेबाच्या वह्या ठेवून कर भरतो, त्याला व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर घसारा मिळतो. आजवरच्या नियमांत साध्या गाडीला वर्षाला १५ टक्के आणि इलेक्ट्रिक गाडीला ४० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्माच. म्हणून दसरा ऑक्टोबरात पुढे गेला की मुहूर्त पाहणारे घर आणि १८० दिवस मोजणारा सीए यांच्यात डॉक्टरची ओढाताण होते. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोपी योजना निवडणाऱ्याला हा घसारा वेगळा मिळत नाही. तेव्हा दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणारा डॉक्टर मिरवतोच असे नाही. पुष्कळदा त्याने सीएचे ऐकलेले असते, इतकेच.

३. एकाच गाडीची दोन वाचने

आता मुख्य मुद्दा. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेवर एक निबंध लिहिला. त्यातून आरोग्याचे अर्थशास्त्र ही शाखाच उभी राहिली, असे मानतात. त्यांचा मुद्दा असा की इथे विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नाही, आणि उपचार घेऊन पाहिल्यावरही नीट कळत नाही. ताप उतरला तो औषधाने की आपोआप, ऑपरेशन गरजेचे होते की नव्हते, हे रुग्ण शेवटपर्यंत ठरवू शकत नाही. पुढे १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी दाखवले की जिथे गुण थेट दिसत नाहीत तिथे लोक खुणांवर विसंबतात. मात्र खूण विश्वासार्ह ठरायला एक अट असते: ज्याच्याकडे तो गुण नाही, त्याला ती खूण परवडता कामा नये.

गाडी या अटीत नापास होते. बँका डॉक्टरांना आनंदाने कर्ज देतात. कुशल सर्जनला मिळते तसे अकुशल सर्जनलाही मिळते. गाडीवरून फार तर इतके कळते की या माणसाकडे पैसा येतो किंवा येईल असे बँकेला वाटते. तो हाताच्या कौशल्यातून येतो की पेशंट पाठवण्याच्या कमिशनमधून, म्हणजे कटमधून, हे गाडीला ठाऊक नाही.

तरीही लोक गाडी वाचतात, आणि गंमत अशी की दोनदा वाचतात. नव्या डॉक्टरकडे जाताना जुनी, खरचटलेली गाडी दिसली तर मनात शंका येते की याची प्रॅक्टिस चालत नसावी. मोठी गाडी दिसली की वाटते, गर्दी असणार, म्हणजे हाताला गुण असणार. पुढे बिल हाती आले की तीच गाडी लुटीचा पुरावा होते. ओपीडीत शिरताना जे प्रमाणपत्र होते, तेच डिस्चार्जच्या वेळी आरोपपत्र बनते. गाडी तीच आणि वाचणारा माणूसही तोच. बदलली ती फक्त त्याची बाजू: आधी तो निवड करत होता, आता पैसे मोजतो आहे.

डॉक्टरला या दोन्ही वाचनांची पूर्ण कल्पना असते. दवाखाना नवा असताना ज्येष्ठ सल्ला देतात की गाडी बरी घे, पेशंट बघतात. रेफर करणारे फॅमिली डॉक्टरही बघतात. असोसिएशनच्या सभेनंतर पार्किंगमध्ये कोण कोणत्या गाडीत बसला, याची नोंद तोंडी का होईना, होतेच. अमेरिकेत थॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांनी १९९६च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात डॉक्टरांविषयी हेच निरीक्षण मांडले होते: मिळकतीच्या मानाने त्यांची साठवण कमी पडते, कारण डॉक्टरने डॉक्टरसारखे राहावे अशी समाजाची अपेक्षा असते. म्हणजे ज्या दिखाव्याबद्दल आपण डॉक्टरला दोष देतो, तो आपल्याच निवडीच्या सवयीने त्याच्यावर लादलेला असतो. यात डॉक्टर निर्दोष ठरत नाही. पण या व्यवहारात गिऱ्हाईकही सामील आहे, हे मान्य करावे लागते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता. उतरण मोठी आहे, पण आजही घरातला सोन्याचा दागिना मोडून बिल भरले जाते. ज्या देशात उपचाराचा पैसा रुग्णाच्या हातातून थेट डॉक्टरच्या हातात जातो, तिथे डॉक्टरची प्रत्येक खरेदी रुग्णाला आपल्या पैशाची वाटणारच. विमा किंवा सरकार मध्ये असते तेव्हा हा धागा तुटतो.

४. गाडीची माहिती जास्त, सर्जनची कमी

जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा गाजलेला निबंध जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि या अंधारात चांगल्या गाड्या बाजारातून हळूहळू बाहेर पडतात, असे त्यांनी दाखवले. यावरचे उपाय सांगताना त्यांनी हमी, ब्रँड आणि परवाना यांचा उल्लेख केला, आणि परवान्याच्या उदाहरणांत डॉक्टर होते. जुन्या गाडीच्या बाजाराने डॉक्टरांच्या व्यवसायाकडून शिकावे, असा त्याचा अर्थ घेता येतो.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी आपल्याकडे चित्र उलटे आहे. आज जुनी गाडी घेणारा माणूस नंबर टाकून पहिल्या नोंदणीची तारीख, विमा आणि फिटनेसची मुदत सरकारी ॲपवर पाहतो. सर्व्हिसचा इतिहास मागवतो. नवी गाडी घेणाऱ्यासाठी ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही धडकेची सुरक्षाचाचणी आहे. त्यात मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात आणि ते जाहीर होतात. गाडीत दोष निघाला तर ती परत मागवण्याचा अधिकार सरकारला २०१९च्या कायदादुरुस्तीने मिळाला आहे.

त्या गाडीतून उतरणाऱ्या सर्जनबद्दल रुग्णाला काय कळते? वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक मिळतो. नोंदणीचे पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदा-कार्यशाळांचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ मध्ये क्यूआर कोडची सोय पुढे आणली. तो स्कॅन केला की डॉक्टर खरा नोंदणीकृत आहे का, हे कळते. पाऊल चांगले आहे, पण तोतया ओळखण्यापुरते. हा सर्जन वर्षाला असली किती ऑपरेशने करतो, त्यातल्या किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, यातले काहीही कुठेही मिळत नाही. मागणाऱ्याला तर उद्धट समजतात.

म्हणजे गुडघ्याचा सांधा बदलून घेणाऱ्या बाईंना आपल्या सर्जनच्या गाडीची सुरक्षा पाचपैकी किती ताऱ्यांची आहे हे कळू शकते, सर्जनचे काम कसे आहे हे कळू शकत नाही. माहितीच्या या दुष्काळात गाडीचे वजन वाढते. गाडीला डॉक्टरचे प्रगतिपुस्तक आपण केले, कारण खरे प्रगतिपुस्तक कोणी छापलेच नाही.

५. साधेपणा हा उपाय नाही

गाडीवरच्या रागाला समाजाने एक पर्यायही ठेवला आहे: त्यागी डॉक्टर. हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, गडचिरोलीचे अभय आणि राणी बंग, मेळघाटातल्या बैरागडचे रवींद्र आणि स्मिता कोल्हे. या माणसांचे काम एवढे मोठे आहे की त्यांची उदाहरणे देताना जपून बोलावे. पण त्यांच्या नावाचा वापर इतर डॉक्टरांना कमीपणा दाखवण्यासाठी करणे दोन कारणांनी चूक आहे.

एक, त्याग ही व्यक्तीची निवड असते आणि आरोग्यसेवा हजारो सामान्य माणसांवर चालते. सामान्य माणसाने त्याग केला नाही तरी रुग्ण सुरक्षित राहील, अशी रचना लागते. दोन, साधी गाडी ही सचोटीची खूण म्हणूनही तितकीच खोटी आहे. कटचे पैसे गाडीतच जातात असे थोडेच आहे? ते जमिनीत जातात, फ्लॅटमध्ये जातात, मुलाच्या मेडिकलच्या प्रवेशात जातात. किंबहुना ज्याला लपवायचे आहे तो गाडी साधीच ठेवील. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. त्याचा कायदा झाला नाही. गाड्यांविषयी आपण त्यानंतरही बोलत राहिलो, मसुद्याविषयी बोलणे थांबवले. उथळ मताची खरी किंमत ही आहे: राग खर्च होतो आणि सुधारणा राहून जाते.

६. पुढची गाडी

डॉक्टरांना पुढे काय चालवायचे आहे, यातून व्यवसायाची दिशा कळते. सध्या तीन ओढी दिसतात.

पहिली ओढ विजेकडे. स्थानिक डॉक्टरला इलेक्ट्रिक गाडी सोयीची आहे: रोजचा रस्ता ठरलेला, रात्री गाडी घरी किंवा रुग्णालयाच्या आवारात उभी, आणि तिथे विजेची जोडणी आधीच असते. सप्टेंबर २०२५पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी ४० टक्के, लहान गाड्यांवर १८ आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के आहे. वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्याने डॉक्टरला गाडीवरचा हा कर कुठे वळता करून घेता येत नाही, म्हणून हा फरक त्याच्या खिशाला थेट लागतो. त्यात जादा घसारा आणि राज्याच्या २०२५च्या धोरणातली टोलसवलत. लांबच्या व्हिजिटला जाणारा मात्र हायब्रिडवर थांबतो, कारण तालुक्याच्या गावी ऑपरेशन लांबले आणि चार्जर बंद निघाला तर दुसऱ्या गावचा पेशंट ताटकळतो.

दुसरी ओढ सुरक्षिततेकडे. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. अस्थिरोगतज्ज्ञ, न्यूरोसर्जन आणि अतिदक्षता विभागातले डॉक्टर यांच्यासाठी हा आकडा वर्तमानपत्रातला नसतो, कामावरचा असतो. गाडी पाहताना ही मंडळी सनरूफच्या आधी एअरबॅगा मोजतात. ही निवड दिखाव्याच्या सिद्धान्तात बसत नाही.

तिसरी ओढ कॉर्पोरेट रुग्णालयाकडे, आणि ती अधिक खोल आहे. मोठ्या शहरांत तरुण तज्ज्ञ स्वतःचे रुग्णालय काढण्याऐवजी कॉर्पोरेट रुग्णालयात ठरावीक मिळकतीच्या हमीवर रुजू होतो. त्याची गाडी तळघरात लागते, ती पेशंटला दिसतच नाही. पेशंटला दिसतो तो काचेचा दर्शनी भाग, संगमरवरी लॉबी, कॉफीचे दुकान. गाडी जे काम करत होती ते आता इमारत करते. त्यामुळे तरुण डॉक्टर हौसेची किंवा सोयीची गाडी मोकळेपणाने घेऊ शकतो, कारण तिच्याकडून रुग्ण आणण्याचे काम सुटले आहे. पण रुग्णाची स्थिती सुधारली का? पूर्वी तो चाकांवरून अंदाज बांधत होता, आता संगमरवरावरून बांधतो. खूण बदलली, आंधळेपणा राहिला, आणि संगमरवराचा हप्ता गाडीच्या हप्त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: स्वतःच्या कमाईतून कोणी काय घ्यावे, हे विचारणारे आपण कोण? मान्य. हा लेख गाडी विचारतही नाही. उलट, गाडी हा सार्वजनिक चर्चेचा विषय राहू नये, हेच इथे म्हणायचे आहे. पण त्यासाठी चर्चेला दुसरा, योग्य विषय द्यावा लागेल.

दुसरा आक्षेप: बिल्डर, वकील, उद्योजक यांच्या गाड्यांवर कोणी बोलत नाही, मग डॉक्टरवरच का? २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या. त्या खरेदीचे शहराच्या भरारीची बातमी म्हणून कौतुक झाले. तिच्या कर्जाचा स्वस्त दर आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा महाग दर यांची तुलना करणारे पत्रकार पी. साईनाथ अपवादात्मक ठरले. डॉक्टरबाबत समाज वेगळा वागतो याचे कारण सरळ आहे. फ्लॅट महाग वाटला तर माणूस परत फिरतो. छातीत कळ आलेला माणूस परत फिरू शकत नाही. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथे मोजलेला पैसा मनात सलतो. म्हणून डॉक्टरांकडून जास्त पारदर्शकतेची अपेक्षा रास्त आहे. मात्र ती पारदर्शकता गाडीतून मिळणार नाही.

तिसरा आक्षेप: लोक गाडी बघून डॉक्टर निवडत नाहीत, ऐकीव माहितीवर निवडतात. बरोबर आहे, पण ऐकीव माहिती कशाची बनते? गर्दी, रुबाब, इमारत आणि एखाद-दुसऱ्या नातेवाइकाचा अनुभव यांची. एका माणसाचा गुडघा छान झाला यावरून दोनशे गुडघ्यांचा अंदाज येत नाही. ऐकीव माहितीला आकड्याचा आधार नसतो, आणि त्या रिकाम्या जागी गाडी बसते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: निकाल जाहीर केले तर सर्जन अवघड रुग्ण नाकारतील. न्यूयॉर्क राज्याने १९९०च्या दशकाच्या आरंभी हृदयशस्त्रक्रियांचे सर्जनवार मृत्युदर जाहीर केले, तेव्हा नेमकी हीच तक्रार झाली, आणि ती निराधार नव्हती. म्हणून आकडे रुग्णाच्या मूळ धोक्यानुसार दुरुस्त करून द्यावे लागतात. सुरुवात एकेका सर्जनऐवजी रुग्णालयाच्या पातळीवर करता येते, आणि मृत्यूऐवजी ऑपरेशनांची संख्या व संसर्ग यांपासून करता येते. अवघड काम आहे म्हणून काहीच न छापणे, हे रुग्णाला पुन्हा पार्किंगकडे पाठवण्यासारखे आहे.

मग करायचे काय

मागण्या चार आहेत, आणि त्यांतली एकही आवाक्याबाहेरची नाही.

पहिली, दर. महाराष्ट्राच्या २०२१च्या नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. नियम आहे, त्याची तपासणी हवी. दुसरी, कामाची संख्या आणि संसर्गाचे प्रमाण रुग्णालयवार दरवर्षी जाहीर व्हावे. तिसरी, औषध आणि उपकरण कंपन्यांकडून डॉक्टरला मिळणारा लाभ. भेटी घेण्यास वैद्यक परिषदेच्या नियमांनी २००९पासून मनाई आहे, आणि अशा भेटींचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. पण कोणाला काय मिळाले, हे नागरिकाला दिसत नाही. अमेरिकेत २०१०च्या कायद्यानंतर ही नोंद नावानिशी खुली आहे. चौथी, शिक्षणाची किंमत. नव्वद लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन व्यवसायात उतरणाऱ्या माणसाकडून निर्मळ निर्णयांची अपेक्षा करणारा समाज आपला हिशेब चुकीच्या वहीत मांडतो आहे. सरकारी जागा आणि फीवरचे नियंत्रण हा रुग्णसुरक्षेचाच प्रश्न आहे.

हे झाले तर डॉक्टर कोणती गाडी चालवतो, याचे महत्त्व इंजिनियरच्या किंवा प्राध्यापकाच्या गाडीइतकेच उरेल. चांगल्या डॉक्टरचाही यात फायदा आहे. आज त्याला कौशल्य दाखवायला जागा नाही, म्हणून तोही न परवडणारी गाडी घेतो आणि वर लोकांच्या शिव्या खातो. आकडे खुले झाले तर जुन्या वॅगन आरमधून येणाऱ्या उत्तम सर्जनला आपण होऊन पेशंट मिळतील.

तोवर रुग्णाच्या हातात एक गोष्ट आहे. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्याने विचारावे: डॉक्टर, असली ऑपरेशने तुम्ही वर्षाला किती करता आणि त्यांतली किती बिघडतात? आज हा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, आणि विचारलाच तर बहुतेक ठिकाणी भुवया उंचावतात. गाडीची किंमत चारचौघांत बिनदिक्कत काढणाऱ्या समाजाला हा प्रश्न अवघड वाटावा, हीच आपली खरी अडचण आहे. तो विचारणे रीतीचे झाले पाहिजे आणि त्याचे उत्तर देणे कायद्याचे.